चेहऱ्याच्या जागचा गुलाब

सर्वात खालचा थर

मी एक जुना फोटो आहे. गुलाबाच्या फुलाचा.

मित्रांनो, मी चौकटीत लावलेला फोटो नाही, आणि कुणी वहीत जपून ठेवलेलाही नाही. इराणमधल्या काशान शहरातल्या एका गल्लीत फोटोचं एक दुकान आहे, तिथल्या संगणकात मी राहतो. माझ्या अंगावर थर आहेत. रंगांचे, भिंतींचे, गंजाचे, कापडाचे. म्हणून माझी गोष्टही मी थरांनीच सांगणार आहे, खालून वर. मध्ये एखादा थर सापडला नाही, तर तो मी हरवला असं समजू नका. तो कुणीतरी काढून टाकला आहे.

माझा जन्म काशानजवळच्या कमसर गावच्या गुलाबमळ्यात झाला. वसंतातली सकाळ होती. गुलाबजलासाठी फुलं खुडायला बायका उजाडताच आल्या होत्या आणि कमरेला बांधलेल्या फडक्यांत फुलं टाकत होत्या. आमच्या दुकानाचे मालक यदुल्ला-आगा नवा कॅमेरा घेऊन तिथे फिरत होते. एका बाईला ते म्हणाले, "खानम, ती फांदी जरा धरता का? वारा फार आहे."

"माझा फोटो नाही ना यायचा?"

"छे हो. फक्त फुलाचा."

असा मी झालो. फिकट गुलाबी, लहानसा, एका पाकळीला किड्यानं पाडलेलं भोक. आणि कडेला काट्यांनी ओरखडलेली तीन बोटं.

दुकानात आणल्यावर माझ्यावर पहिलं काम झालं ते हे, की ती बोटं पुसली गेली. पाकळीचं भोक त्यानंतर बुजवलं.

त्यावरचा थर: मातीचा गिलावा

फरखुंदे-खानम दुकानात कामाला लागली, तेव्हा मी एका कोपऱ्यात पडून होतो. तिनं मला उघडलं, मान तिरकी करून पाहिलं आणि म्हणाली, "किती बिचारा दिसतोय हा."

मग तिनं मला सजवायला घेतलं. ती घरून दुकानाकडे येताना भिंतींचे फोटो काढायची. काडी-मातीचा भेगाळलेला गिलावा. हमामच्या दारावरची तडकलेली निळी फरशी. तांब्याच्या कढईचं काळवंडलेलं बूड. गालिच्याची उलटी बाजू, जिथे गाठी दिसतात. तो पोत ती माझ्यावर पसरायची, पारदर्शक करायची, आणि मऊ ब्रशनं पाकळ्यांच्या कडा मोकळ्या करायची. मग वर रंगाचा थर. एक भडक जांभळा, त्यावर पुसट केशरी. मी पेटायचो, मित्रांनो. खोटं कशाला सांगू, मला ते आवडायचं.

हे सगळं कशासाठी?

आमच्याकडे माणूस गेलं की काळ्या कडेचं पत्रक छापतात आणि गल्लीतल्या भिंतींवर, दुकानांच्या शटरवर चिकटवतात. कोण गेलं, फातेहा, म्हणजे मृतासाठीची प्रार्थना, कुठल्या मशिदीत, किती वाजता. पुरुष गेला तर वरच्या चौकटीत त्याचा फोटो. बाई गेली तर बऱ्याच घरांत तिचा फोटो लावत नाहीत. तिच्या चेहऱ्याच्या जागी फूल लावतात.

ते फूल मी.

त्यावरचा थर: दव

माझी भरभराट झाली. गल्लीत बाई गेली की मी भिंतीवर चढायचो. म्हातारी असेल तर जांभळा, तरुण असेल तर पांढरा, हज करून आलेली असेल तर मागे हिरवी झाक. लोक शोक करत यायचे आणि माझ्यावरून भांडत बसायचे.

एकदा दोघे भाऊ आले. दोघांचे डोळे रडून सुजलेले.

"बतूल-खानमच्या फुलावर दव होतं," थोरला म्हणाला. "आमच्या आईच्या फुलावर का नाही?"

"टाकते ना, आगा," फरखुंदे म्हणाली.

"मोठे थेंब टाका. आमची आई काय कोणापेक्षा कमी होती?"

"दादाश, पुरे," धाकटा म्हणाला. "भाजीवाल्यानं पाणी मारल्यासारखं दिसायला लागलंय."

"तू गप्प बस. आई आजारी असताना कुठे होतास?"

"आणि तू कुठे होतास? तेहरानला, सोफ्यावर!"

फरखुंदेनं दोघांसमोर चहाचे पेले ठेवले आणि थेंब अर्ध्यावर आणले. भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. त्यांची आई कशी दिसायची, ते मला आजही माहीत नाही. मी तिच्या जागी आठवडाभर उभा होतो.

त्यावरचा थर: तूरान

(हा थर आता इथे नाही.)

थर नसलेली जागा

तरी सांगतो, कारण गोष्ट तिचीच आहे.

तूरान-खानम शिवणकाम शिकवायची. तिच्या अंगणातल्या खोलीत शहरातल्या कितीतरी मुली शिकून गेल्या. काही लग्न होऊन लांबच्या मोहल्ल्यांत गेल्या, काहींनी स्वतःची दुकानं काढली. नवी मुलगी आली की तूरान तिला पहिला टाका एका ठरावीक पांढऱ्या सुती कापडावर घालायला लावायची. सगळ्यांसाठी एकच कापड. वेडेवाकडे टाके एकमेकांना खेटून बसलेले. त्या कापडाला ती "माझी वर्गखोली" म्हणायची.

ती इस्फहानच्या इस्पितळात वारली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची मुलगी आतेफे दुकानात आली. हातात एक फोटो.

"हा लावायचा," ती म्हणाली.

फोटोत तूरानच्या गळ्यात मोजायची पट्टी होती, चष्मा नाकाच्या शेंड्यावर घसरलेला. ओठांत टाचण्या धरल्या होत्या, त्यामुळे हसू दाबताना तिचे गाल फुगले होते.

"टाचण्या काढून टाकू?" फरखुंदेनं विचारलं.

"टाचण्या काढल्या तर आई कुठे राहिली?"

"खरंय."

"तिनं एकच सांगून ठेवलंय, फरखुंदे-खानम. मी गेले की माझ्या मुलींना कळव. त्यांनी येऊन मला माफ केलं पाहिजे, मी त्यांना फार ओरडलेय." आतेफे हसली आणि लगेच रडली. "माझ्याकडे कुणाकुणाचे नंबर असणार? कुठे कुठे असतील त्या. जाता-येता त्यांना आई दिसली पाहिजे. दिसली की येतील."

फरखुंदेनं फोटो संगणकात घेतला. मला बाजूला केलं. चेहऱ्यामागे फिकट वाळूचा रंग दिला, बस. भडक काही नाही. तिला इतकं कमी काम करताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. चौकटीत तूरान-खानम टाचण्या धरून बसली, आणि माझ्या मनात आलं, आता आपली सुट्टी झाली.

तेवढ्यात हाजी कुदरत आले. आतेफेचे काका, तिच्या वडिलांमागे घरातले मोठे. त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"हे काय आहे?"

"आई आहे, काका."

"ते मलाही दिसतंय, पोरी. चाळीस वर्षं मी तिच्या हातचं जेवलोय." त्यांनी दाराबाहेर बोट केलं. "पण भिंतीवर? रस्त्यावर? येणारा-जाणारा थुंकतो तिथे. चार दिवसांनी तिच्या तोंडावर भांड्यांच्या सेलचं पत्रक चिकटेल. बघवेल तुला?"

"मग फुलावर चिकटलं तर चालतं?"

"फुलाला काय! फूल कुणाची आई नाही."

"तिच्या मुली तिला चेहऱ्यानं ओळखतात, काका."

"आणि सगळा मोहल्ला मला ओळखतो. जुम्याला मला मशिदीत बसायचंय. उद्या लोक म्हणतील, कुदरतनं भावाची बायको भिंतीला टांगली."

आतेफेनं फरखुंदेकडे पाहिलं. फरखुंदेनं यदुल्ला-आगांकडे पाहिलं. आगांनी साखरेचा खडा तोंडात टाकला आणि चहाकडे पाहिलं.

फरखुंदेनं चेहऱ्याचा थर उचलला आणि संगणकातल्या कचऱ्याच्या टोपलीत टाकला. एवढा हलका आवाज होतो त्याचा, मित्रांनो. कागद चुरगळल्यासारखा. मग तिनं मला पुन्हा चौकटीत बसवलं.

आतेफे बाहेर जाऊन पायरीवर बसली. हाजींनी खिशातून ओळखपत्र काढून फरखुंदेला दिलं. तिनं त्यावरून नाव उतरवलं: मरहूमा बानू, म्हणजे दिवंगत श्रीमती, कुबरा नेमती.

आमच्याकडे बऱ्याच बायकांना दोन नावं असतात. एक ओळखपत्रातलं, एक हाक मारायचं. ओळखपत्रातलं नाव कधी आजीचं असतं, कधी जन्माआधी वारलेल्या बहिणीचं. ते दवाखान्यात आणि बँकेत लागतं. कुबरा नेमती कोण, हे तिच्या शेजाऱ्यांनाही सांगता आलं नसतं. तूरान सगळ्यांना माहीत होती. चेहरा असता तर खालचं नाव कुणी वाचलंही नसतं. चेहरा गेला, आणि त्या घाईत कुणाच्याच लक्षात आलं नाही की आता नावावरच सगळी भिस्त आहे. हाजींच्या नाही. रडणाऱ्या आतेफेच्या नाही. फरखुंदेचं तर सगळं लक्ष माझ्यावर होतं.

त्यावरचा थर: कापड

कारण आतेफे परत आत आली आणि म्हणाली, "फूलच लावायचं तर त्यात तिचं काहीतरी असू दे." तिनं पिशवीतून ते कापड काढलं. वर्गखोली.

फरखुंदेनं ते काचेवर अंथरून त्याची प्रतिमा घेतली आणि माझ्यावर पसरली. सगळे टाके माझ्या पाकळ्यांवर आले. तिथेच थांबली असती तर! पण टाके पांढऱ्यावर पांढरे होते, दिसेनात. तिनं वर किरमिजी रंग दिला. मग टाके जाड वाटले, म्हणून पारदर्शक केले. मग किरमिजी मेलेला दिसू लागला, म्हणून नारिंगी. गिलाव्याचा जुना पोत, निळ्या फरशीचा तडा, कढईच्या बुडाची चमक. जसजसा मी सुंदर होत गेलो, तसतसे तिचे डोळे कोरडे होत गेले. हातात कला असलेल्या माणसाचं असंच होतं. आतेफेही बघत राहिली. "वा," ती हळूच म्हणाली. त्या "वा"चा मला आजही राग आहे.

शेवटी छापायला देण्यापूर्वी तिनं कापडाचा थर माझ्या पाकळ्यांच्या एका प्रतीवर दाबून दोन्ही एक केले. त्यानंतर त्यातला एकही सुटा काढता येत नाही. मुलींचे टाके माझ्यात कायमचे दाबले गेले. बघणाऱ्याला ते पाकळ्यांच्या शिरा वाटले.

वरचा थर: कौतुक

मित्रांनो, माझ्या आयुष्यात माझं इतकं कौतुक कधी झालं नव्हतं.

सकाळी संगक रोटीच्या भट्टीवर रांगेत उभी असलेली माणसं माझ्याकडे बघायची. "काय गुलाब आहे!" "फरखुंदेचं काम दिसतंय." एक कॉलेजातली मुलगी मैत्रिणीला म्हणाली, "थांब ना, फोनवर लावते हा." तिनं माझा फोटो काढला. खालची नावाची ओळ कापून टाकली. एका लग्नघरातून निरोप आला, आमंत्रणावर हेच फूल पाहिजे, फक्त काळी कड नको.

"कोण गेलं?" असं त्या रांगेत एकदा एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"कुणीतरी कुबरा. पण रंग बघ ना!"

तिसऱ्या दिवशी मशिदीत फातेहा झाली. दारावर मी होतो, म्हणून सांगू शकतो. पुरुषांची बाजू भरली, हाजींची ओळख मोठी. बायकांच्या बाजूला शेजारणी आल्या, नात्यातल्या आल्या. आतेफे दारातच बसून होती. दर वेळी पडदा हलला की ती मान वर करायची. गुलाबजल घातलेल्या हलव्याची ताटं भरलेलीच राहिली. अक्रोड भरलेले खजूर पुन्हा डब्यात गेले.

"एकही नाही आली," ती चुलतबहिणीला म्हणाली. "आईच्या ओरडण्याचा इतका राग धरला त्यांनी?"

एकीलाही कळलं नव्हतं. त्या माझ्यासमोरून रोज जात होत्या.

त्यावरचा थर: रोबाबे

पत्रकांचे कोपरे वाऱ्यानं सुटू लागले होते, तेव्हा रोबाबे नावाची एक बाई दुकानात आली. लेकाच्या पासपोर्टचे फोटो काढायचे होते. मोठ्या आवाजाची, हसरी. तिनं काचेवर लावलेल्या माझ्याकडे बोट केलं.

"हे फूल मला पडद्याच्या कापडावर छापून मिळेल का हो?"

"ते मयताचं आहे, खानम."

"अगं बाई! मग नको. मी रोज थांबून बघते त्याच्याकडे, भट्टीवर जाताना." ती लेकाची कॉलर नीट करायला वाकली. "हा शर्ट मी शिवलाय. कॉलर बघा. तूरान-खानमनं बसवून घेतलीय माझ्याकडून, कान पिळून पिळून. तुमच्या मागच्याच गल्लीत राहते ना ती? येत्या जुम्याला जाणारेय मी. दोन वर्षं झाली, तोंड दाखवलं नाही. शिव्या घालेल."

फरखुंदेचा हात कॅमेऱ्यावरच राहिला.

"काय झालं?" रोबाबे म्हणाली. "तूरान बरी आहे ना?"

 फरखुंदेनं काचेकडे, माझ्याकडे पाहिलं. रोबाबेनंही पाहिलं. मग तिनं जवळ जाऊन माझ्याखालचं नाव वाचलं, पत्ता वाचला, आणि कोण कुणाची आई ते वाचलं. आतेफेची आई.

"पण ही तर कुबरा आहे," ती म्हणाली.

पुढचं मी सांगत नाही. तिचा लेक घाबरून रडायला लागला, एवढंच सांगतो.

सगळे थर बंद

चाळिसाव्या दिवसाच्या विधीचं पत्रक करायला आतेफे आली, तेव्हा तिच्यासोबत हाजी कुदरतही होते. एव्हाना त्यांनाही सारं कळलं होतं. ते आधीपेक्षा वाकलेले दिसत होते.

"नाव तूरान लिही," ते फरखुंदेला म्हणाले. "शिवणवाली तूरान. मोठ्या अक्षरात लिही."

"आणि चेहरा?" आतेफेनं विचारलं.

हाजींनी मान हलवली. नाही.

"मग फूलही नको."

"रिकामी चौकट? लोक म्हणतील, दुकानातली शाई संपली."

"म्हणू देत. मला त्या फुलाचं तोंड बघायचं नाही."

मित्रांनो, त्यावेळी दुकानात मी पडद्यावर उघडा होतो. तिनं ते माझ्याकडे बघून म्हटलं.

फरखुंदेनं माझा एकेक थर बंद केला. नारिंगी गेला. किरमिजी गेला. गिलावा, तडा, कढईचं बूड. मग दाबला गेलेला तो तुकडा आख्खाच गेला, कारण त्यातून कापड वेगळं निघत नव्हतं. शेवटी मी खालचा, फिकट, लहानसा उरलो. मग मीही बंद झालो. चौकट पांढरी राहिली. तिच्याखाली: तूरान.

पांढऱ्या चौकटीनं माणसं थांबवली. "इथे काय राहिलं?" म्हणून लोक जवळ यायचे आणि नाव वाचायचे. भट्टीवरच्या रांगेत एका बाईनं तोंडावर हात धरला आणि भाकरी न घेताच निघून गेली. दुसरीनं तिथूनच फोन लावला. "तूरान गेली गं. आपली तूरान. चाळिसावं आलंसुद्धा!"

पण हे पहिल्या दिवसापुरतं. दुसऱ्या दिवशी सकाळी वाण्याचं दुकान उघडलं. वाणी रहमान-आगा मनाचा हळवा माणूस. त्याच्या शटरवरच्या पत्रकात चौकट रिकामी पाहून त्याला वाईट वाटलं. बिचारीचं फूल छापायचं राहून गेलं. त्याच्याकडे पहिल्या वेळची काही पत्रकं शिल्लक होती. त्यानं कात्री घेतली, मला नीट गोल कापलं आणि खळ लावून तूरानच्या चौकटीत बसवलं. मग गल्लीत फिरून जिथे जिथे रिकामं दिसलं, तिथे तिथे बसवलं. हातानं दाबून, सुरकुती राहू न देता. प्रत्येक वेळी ओठ हलवून तो फातेहा म्हणत होता.

लोक पुन्हा म्हणू लागले, "काय गुलाब आहे!"

चाळिसाव्याला कबरीवर रोबाबे आली. तिच्यासोबत आणखी काही जणी. ज्या पांढऱ्या चौकटीपाशी थांबल्या होत्या, तेवढ्याच. त्यांनी आळीपाळीनं दगडावर बोटं टेकवली आणि तूरानला माफ केलं. रोबाबे म्हणाली, "मी नाही करत माफ. दोन वर्षं मी फिरकले नाही, मला आठवण तिनं करून द्यायची होती." आणि कपाळ दगडाला लावून राहिली.

बाकीच्या मुली अजून शहरात आहेत. कुणी तरी अजून म्हणत असेल, या जुम्याला नक्की जाईन.

सर्वात वरचा थर

मी पुन्हा कामाला लागलो आहे. कालच एका बाईसाठी मला हिरवा केला. तिचं नाव मी वाचलं, पण हाक मारायचं नाव मला माहीत नाही.

माझ्या जातीच्या वस्तू आपली गोष्ट संपवताना विनवणी करतात: आम्हाला जपा, धूळ पुसा, अडगळीत टाकू नका. मी तसं म्हणणार नाही. मला जपू नका. मला पुसलंत तरी चालेल, मी पुष्कळ आहे.

तुम्ही एवढंच करा. आज घरी गेलात की आईकडे नीट बघा. तिच्या कपाळावर कुठे आठी पडते, हसू दाबताना तिचे गाल कसे होतात, तिला शेजारीण कोणत्या नावानं हाक मारते, ते लक्षात ठेवा. आणि उद्या शाळेत आईवर निबंध लिहायला सांगितला, तर पोरांनो, एक उपकार करा. तिचा चेहरा फुलासारखा आहे, असं लिहू नका.